दस्त्यावरचा ठसा आणि दप्तरातला कागद

जुन्या लष्करी कार्बाइन जमवणारा जाणता माणूस बंदूक हातात आली की नळीत डोकावत नाही. आधी ती कुशीवर वळवतो. दस्त्याचं लाकूड पोलादी खोबणीत जिथे बसतं तिथे, उजव्या अंगाला, एक उभी उतरंड ठोकलेली असते: वर मुकुट, त्याखाली 'व्ही. आर.', मग 'एनफील्ड', मग साल आणि शेवटी 'एल. ई. सी.'. ही झाली ली-एनफील्ड कार्बाइनची जन्मपत्रिका. जवळपास कुठे दोन बाण टोकाला टोक लावून उमटलेले दिसले, तर सरकारने ती खात्यातून काढून रीतसर विकली असं समजायचं. एवढं वाचून झालं की विक्रेता हळूच सांगतो, "ही आयर्लंडची आहे, बरं का. बंडखोरांनी पोलिसांच्या हातून हिसकावलेली." किंमत तिथेच दुपटीवर जाते. गंमत अशी की त्या उतरंडीत ह्या वाक्याला आधार देणारं एक अक्षरही नसतं.

बंदूक कुठे बनली हे पोलाद सांगतं. ती कोणी धरली, हे ते सांगत नाही. आयर्लंडच्या सशस्त्र संघटनांशी नाव जोडलेल्या हत्यारांचा संग्रह हा सगळा खेळ ह्या एका फटीत चालतो. म्हणून ह्या छंदातली खरी मोलाची वस्तू बंदूक नाही, तिच्यासोबत आलेला कागद आहे, असं माझं मत आहे.

कार्बाइन म्हणजे मुळात घोडेस्वाराची आखूड बंदूक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश पायदळाच्या ली-एनफील्ड रायफलची नळी 30 इंचांची होती, घोडदळाच्या कार्बाइनची 21 इंचांच्या आत. मॅगझिनमध्ये दहाऐवजी सहा काडतुसं. खोगिराच्या कातडी म्यानात बंदूक अडकू नये म्हणून बोल्टची मूठ चपटी केलेली, आणि पुढच्या माशीला दोन्ही बाजूंनी पोलादी कान. संगीन लावायची सोय मात्र नव्हती, कारण स्वाराच्या कमरेला तलवार असायची. मग बोअर युद्धात दूरवरून नेम धरणाऱ्या माउझर रायफलींपुढे ह्या आखूड नळ्या उघड्या पडल्या. लष्कराने धडा घेतला आणि 1903 पासून पायदळ-घोडदळ दोघांसाठी एकाच मधल्या लांबीची रायफल आणली. कार्बाइनचे ढीग कोठारात उरले.

ते ढीग आयर्लंडला उपयोगी पडले. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी, म्हणजे आर.आय.सी., हे ब्रिटिश बेटांवरचं एक वेगळंच पोलीस दल होतं. लंडनचा शिपाई दंडुका घेऊन फिरे, आयर्लंडचा शिपाई बराकीत राही, कवायत करी आणि कार्बाइन बाळगी. पण तो बहुतेक वेळा पायी. घोडा नाही, तलवार नाही, आणि समोर जमाव. त्याला संगीन हवी होती. म्हणून 1905 च्या सुमारास घोडदळाच्या ह्या कार्बाइनना पुढे संगिनीचा अडकवा बसवला आणि 1888 च्या नमुन्याच्या संगिनीचं कडं घट्ट बसावं म्हणून नळीचं टोक जाड केलं. आर.आय.सी. कार्बाइन ओळखायची खूण हीच: चपट्या मुठीची घोडेस्वारी बंदूक, पण तोंडाशी संगिनीची जागा. नवख्याची फसगतही इथेच होते. न्यूझीलंड सरकारने स्वतःसाठी मागवलेल्या 1,500 कार्बाइनही संगीन घेतात आणि लांबून अगदी बहिणीसारख्या दिसतात. त्यांच्यावर न्यूझीलंडच्या मालकीची 'एन. झेड.' ही अक्षरं असतात. ती कोणी कानशीने घासून टाकली की आयर्लंडची गोष्ट सांगायला रान मोकळं.

ह्या आयरिश पोलिसांचं महाराष्ट्राशी नातं आहे, आणि ते ओढूनताणून जोडलेलं नाही. सर चार्ल्स नेपियर आयर्लंडमध्ये वाढला. 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर तिथे पोलीस उभे करताना त्याने आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचाच नमुना समोर ठेवला: लष्करापासून वेगळं, पण शस्त्र बाळगणारं आणि स्वतःच्या अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारं दल. सिंध पुढे मुंबई इलाख्यात आला, ती घडी मुंबईच्या गव्हर्नरला पसंत पडली, आणि 1853 मध्ये इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडेंट नेमले गेले. पुण्या-साताऱ्याच्या पोलीस लाइनींचं मूळ अशा रीतीने आयर्लंडच्या बराकीपर्यंत पोचतं. बंदुकीचंही तसंच. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर असायची ती थ्री नॉट थ्री म्हणजे ह्या कार्बाइनचं सख्खं भावंड. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याच्या रात्री सीएसटी स्थानकावरही पोलिसांच्या हातात तीच होती.

आर.आय.सी.ची कार्बाइन बंडखोरांच्या इतिहासात कशी शिरली? 21 जानेवारी 1919. टिपररी परगण्यात सोलोहेडबेग नावाच्या ठिकाणी दगडाच्या खाणीकडे जिलेटिनची गाडी निघाली होती. सोबत दोन शिपाई, जेम्स मॅकडोनेल आणि पॅट्रिक ओ'कॉनेल. शॉन ट्रेसी, डॅन ब्रीन हे बंडखोर आणि त्यांचे साथीदार दबा धरून बसले होते. दोन्ही शिपाई ठार झाले. जिलेटिन गेलं आणि त्यांच्या कार्बाइनही गेल्या. त्याच दिवशी डब्लिनमध्ये स्वतंत्र आयर्लंडची पहिली संसद भरली, म्हणून आयरिश स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात ह्या घटनेपासून धरायचा प्रघात आहे. मारले गेलेले दोघेही आयरिश होते, दोघेही कॅथलिक. हे विसरलं तर पुढचं काहीच समजत नाही.

त्यानंतर हत्यारं मिळवायची मुख्य वाट हीच राहिली. जानेवारी 1920 मध्ये कॉर्क परगण्यातली कॅरिगटूहिल इथली बराक पडली आणि तिथली शस्त्रं बंडखोरांच्या हाती गेली. सरकारने आडबाजूच्या लहान बराकी सोडून दिल्या. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास अशा शेकडो रिकाम्या इमारती एकाच वेळी पेटवण्यात आल्या. पोलिसांची कार्बाइन बंडखोरांच्या आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या फिरत्या तुकडीत गेली, लष्कराच्या छाप्यात परत सापडली, 1922 नंतर कुणाच्या छपरात दडली किंवा नव्या सरकारकडे जमा झाली. एकाच बंदुकीने दोन-दोन, तीन-तीन बाजू पाहिल्या. तिला 'बंडखोरांची' म्हणायचं की 'पोलिसांची'? बहुतेक संग्राहक महाग पडेल ते उत्तर निवडतात.

आर.आय.सी. ऑगस्ट 1922 पर्यंत बरखास्त झाली, पण तिच्याविषयीची अढी गेली नाही. जानेवारी 2020 मध्ये आयरिश सरकारने ह्या दलातल्या माणसांच्या स्मरणाचा एक कार्यक्रम डब्लिन किल्ल्यात ठरवला आणि एवढा गदारोळ उठला की तो पुढे ढकलावा लागला. तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या घराण्यातले. शंभर वर्षांपूर्वीच्या पोलिसांची आठवण काढण्यावरून मालवणी आडनावाच्या माणसाला डब्लिनमध्ये बोलणी खावी लागली! अशा वातावरणात आर.आय.सी. कार्बाइन दिवाणखान्यात टांगणाऱ्याला पाहुण्यांपुढे खुलासा करावा लागतो, ह्यात नवल नाही.

पण संग्राहकांचा खरा जीव अडकतो तो 1914 च्या दोन चोरट्या खेपांमध्ये.

आयर्लंडला स्वराज्य देणारं विधेयक 1912 मध्ये ब्रिटिश संसदेत आलं. उत्तरेकडच्या अल्स्टरमधल्या प्रॉटेस्टंट युनियनवाद्यांना ते नको होतं. त्यांनी सप्टेंबरात प्रतिज्ञापत्रावर सह्या घेतल्या, जानेवारी 1913 मध्ये अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स, म्हणजे यू.व्ही.एफ., उभी केली आणि बंदुकांच्या मागे लागले. हे काम घेतलं फ्रेडरिक क्रॉफर्ड ह्या गृहस्थाने. प्रतिज्ञापत्रावर आपण स्वतःच्या रक्ताने सही केली असं तो सांगे. शताब्दीच्या वर्षी, 2012 मध्ये, त्या सहीची रासायनिक चाचणी झाली आणि रक्ताचा मागमूस मिळाला नाही. अल्स्टरच्या वस्तू विकत घेणाऱ्याने ही हकीकत पाकिटात ठेवावी.

सहीचं काहीही असो, पुढचं काम मात्र त्याने करून दाखवलं. हॅम्बुर्गच्या ब्रूनो स्पायरो ह्या शस्त्रव्यापाऱ्याकडून त्याने सुमारे 25,000 रायफली घेतल्या. माल तीन जातींचा. जवळपास 11,000 ऑस्ट्रियाच्या श्टायर कारखान्यातल्या कोऱ्या मानलिखर, 9,000 च्या आसपास जर्मन लष्कराने वापरून काढलेल्या 1888 च्या नमुन्याच्या रायफली, आणि साडेचार हजारांवर इटलीच्या जुनाट व्हेटर्ली-विताली. क्रॉफर्डने पाच-पाच बंदुकांचे गठ्ठे बांधायला लावले आणि प्रत्येक बंदुकीमागे 100 काडतुसं त्याच गठ्ठ्यात घातली. व्यापाऱ्याला हा उपद्व्याप वाटला, पण त्यात शहाणपण होतं. किनाऱ्यावर उतरलेला गठ्ठा मोटारीत टाकला की खेड्यातल्या पाच माणसांची सोय एका फटक्यात लागणार होती.

'फॅनी' नावाच्या नॉर्वेजियन जहाजावर माल चढला. डेन्मार्कच्या पाण्यात कस्टमवाले आले, कागद घेऊन गेले. रात्री वादळाचा फायदा घेऊन 'फॅनी' निसटली. पुढे भर समुद्रात सगळा माल 'क्लाइड व्हॅली' ह्या दुसऱ्या जहाजावर हलवला. 24 एप्रिल 1914 च्या रात्री बेलफास्ट बंदरात 'बाल्मेरिनो' नावाचं भलतंच जहाज कस्टमच्या अधिकाऱ्यांना झुलवत बसलं आणि तिकडे लार्नला गठ्ठे उतरत राहिले. थोडा माल बँगर आणि डोनागडीला गेला. शेकडो मोटारी रांगेने आल्या. सकाळ व्हायच्या आत बंदुका शेतघरांत आणि चर्चच्या सभागृहांत पोचल्या होत्या.

तीन जातींच्या बंदुका म्हणजे काडतुसांची कटकट आलीच. इटालियन बंदुकीचं काडतूस बाकीच्यांत बसत नाही. त्याआधी चोरूनमारून गोळा केलेल्या मार्टिनी-एनफील्ड होत्या, त्यांचं आणखी तिसरं. लष्करी दृष्टीने हा गोंधळच होता. संग्राहकाला मात्र ह्या विविधतेची मेजवानी मिळते.

अल्स्टरच्या ह्या खेपेने दक्षिणेकडचे राष्ट्रवादी जागे झाले. त्यांचे आयरिश व्हॉलंटियर्स नोव्हेंबर 1913 मध्ये स्थापन झाले होते, हातात मात्र फारसं काही नव्हतं. पैसाही बेताचा. मग 'द रिडल ऑफ द सँड्स' ही गाजलेली कादंबरी लिहिणारा अर्स्किन चाइल्डर्स, त्याची बायको मॉली आणि मेरी स्प्रिंग राइस ह्यांनी 'आसगार्ड' ही शिडाची नौका हाकली. नौकेची लांबी जेमतेम 50 फूट; मॉलीच्या वडिलांनी लग्नात दिलेली भेट. तिच्या पोटात 900 रायफली कोंबल्या. बसायला-झोपायला जागा उरली नाही, गवतात गुंडाळलेल्या बंदुकांवरच गाद्या पसरल्या. 26 जुलै 1914 ला भर दुपारी, लोकांच्या डोळ्यांदेखत, डब्लिनजवळ हाउथच्या धक्क्यावर माल उतरला. उरलेल्या 600 काही दिवसांनी किलकूलला आल्या. हा माल अडवायला जाऊन परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांनी त्या संध्याकाळी डब्लिनमध्ये बॅचलर्स वॉकवर जमावावर गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. अल्स्टरच्या खेपेला कोणी हात लावला नव्हता, हे आयर्लंड विसरलं नाही.

हाउथ आणि किलकूलच्या ह्या रायफली 1871 च्या माउझर. एका वेळी एकच गोळी, 11 मिलिमीटरची, काळी दारू. बार उडाला की पांढऱ्या धुराचा ढग, आणि झाडणारा कुठे बसलाय हे शत्रूला आपोआप कळायचं. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर बंडात डब्लिनच्या रस्त्यांवर ह्याच वाजल्या. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या यादवीत, नोव्हेंबर 1922 मध्ये, चाइल्डर्सला त्याच्याच जुन्या सहकाऱ्यांच्या सरकारने गोळ्या घातल्या. आरोप: विनापरवाना पिस्तूल बाळगल्याचा. 900 रायफली आणणारा माणूस एका छोट्या पिस्तुलापायी गेला, आणि ते पिस्तूल त्याच सरकारचा आधीचा प्रमुख मायकेल कॉलिन्स ह्याने त्याला भेट दिलेलं होतं असं म्हणतात.

आता बाजाराकडे. यू.व्ही.एफ.च्या पुष्कळ बंदुकांच्या दस्त्यावर गोल ठसा असतो: अल्स्टरचा लाल पंजा, 'यू.व्ही.एफ.' ही अक्षरं आणि भोवती 'फॉर गॉड अँड अल्स्टर'. हा ठसा लाकडात आहे, पोलादात नाही. सगळी मेख इथे. लाकडावर ठसा मारायला साचा, हातोडी आणि दुपारचा वेळ पुरतो. जुन्या ठशाच्या कडा शंभर वर्षांच्या हातांनी गोलावलेल्या असतात. तेल आणि मळ ठशाच्या तळाशीही तितकाच मुरलेला असतो जितका आजूबाजूला. लाकडाला पडलेले ओरखडे ठशावरून आरपार जातात. नव्या ठशात तळ फिकट दिसतो, किंवा जुना ओरखडा ठशापाशी येऊन थांबतो, कारण ठसा त्याच्यावर मारलेला असतो. भिंग आणि तिरका उजेड ह्यापलीकडे फार काही लागत नाही. दस्ता नव्याने घासून चकचकीत केलेला असेल तर मी तर पुढे बोलणंच थांबवायला सांगेन. ज्याच्यावर पुरावा होता तेच लाकूड रंध्यावर गेलं.

हाउथ माउझरची अवस्था आणखी वाईट. 1871 ची माउझर जर्मनीने लाखांनी बनवली आणि नंतर जगभर मोडीच्या भावाने विकली. आयर्लंडला आल्या त्या 1,500. त्यांच्यावर आयरिश व्हॉलंटियर्सनी सगळीकडे एकसारखा ठसा मारला नव्हता. म्हणजे बंदूक अस्सल 1871 ची असूनही 'हाउथची' आहे हे तिच्याकडे पाहून सिद्ध होत नाही. घराण्यातून आलेली असेल, आजोबांचं नाव तुकडीच्या यादीत असेल, जुनं छायाचित्र असेल, तरच बोलायचं.

इथे डब्लिनच्या लष्करी दप्तरखान्याचं काम सुरू होतं. 1947 ते 1957 ह्या काळात आयरिश सरकारने स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांकडून 1,773 साक्षी नोंदवून घेतल्या आणि कुलूप लावलं. ते 2003 मध्ये उघडलं. त्यात कुठल्या बराकीवर कोण गेलं, किती कार्बाइन मिळाल्या, त्या कुठे पुरल्या, हे साध्या बोलीत सांगितलेलं आहे. जोडीला निवृत्तिवेतनाचे अर्ज आहेत. पेन्शन मागणाऱ्याला आपण काय केलं ते लिहून द्यावं लागे आणि वरिष्ठाकडून दुजोरा आणावा लागे. माणूस आठवणीत फुशारकी मारतो, पण दुजोऱ्यासाठी ज्याच्या दारी जायचं त्याच्यासमोर जरा जपून लिहितो. मला त्यामुळे साक्षींपेक्षा अर्जांवर जास्त भरवसा वाटतो. पोलिसांची बाजू हवी तर लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आर.आय.सी.ची सेवानोंद आहे, शिपायाच्या नंबरासकट. बंदुकीचा नंबर आणि माणसाचं नाव एकाच कागदावर सापडणं दुर्मीळ. सापडलं तर त्या कागदाची किंमत बंदुकीहून जास्त.

कायद्याने ह्या सगळ्यात आणखी एक गंमत करून ठेवली आहे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये 22 मार्च 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार पुराणवस्तू ठरायला बंदूक 1 सप्टेंबर 1939 पूर्वीची हवी आणि तिचं काडतूस कालबाह्य झालेल्यांच्या सरकारी यादीत हवं. इटालियन व्हेटर्लीचं आणि 1871 च्या माउझरचं काडतूस त्या यादीत आहे. शोभेची वस्तू म्हणून ती भिंतीवर लावता येते, परवाना लागत नाही. गोळी भरायचा विचार केला की सूट संपली. त्याच 'क्लाइड व्हॅली'वरून उतरलेल्या मानलिखरचं काडतूस मात्र आजही चालू आहे. तिला परवाना आणि कुलपाचं कपाट. आर.आय.सी.च्या कार्बाइनचंही तेच, कारण ती .303 ची. परवाना नको असेल तर अधिकृत प्रूफ हाउसकडून ती कायमची निकामी करून, शिक्का आणि प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अमेरिकेत तर्क वेगळा. तिथे 1898 पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू, त्यापुढची नाही. म्हणजे दस्त्याच्या गळ्याशी 1897 असेल तर एक कायदा आणि 1900 असेल तर दुसरा. उत्तर आयर्लंडचा स्वतःचा 2004 चा शस्त्र आदेश आहे, आणि ज्या भूमीवर तीस वर्षं बंदुका वाजल्या तिथे पोलीस ह्या छंदाकडे कौतुकाने पाहतील अशी अपेक्षा करू नये.

तिथे एक अडचण नावाचीही आहे. 1966 मध्ये यू.व्ही.एफ. हेच नाव घेऊन दुसरीच संघटना उभी राहिली. तिने सर्वसामान्य माणसं मारली आणि तिच्यावर बंदी आहे. 1914 च्या दलातले बरेच जण 36 व्या अल्स्टर डिव्हिजनमध्ये गेले आणि 1 जुलै 1916 ला सोमच्या रणांगणात पडले. दोन्ही एक नव्हेत. पण ठशावरची अक्षरं तीच, लाल पंजाही तोच. विकणाऱ्यांपैकी काहींना हा घोळ सोयीचा वाटतो, घेणाऱ्यांपैकी काहींना त्याहून जास्त. अशा गिऱ्हाइकांपासून चार हात दूर राहिलेलं बरं.

भारतात बसून हा छंद करायचा विचार कोणाच्या मनात आलाच तर तो सोडावा. .303 आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते. 1959 च्या शस्त्र कायद्याचं 45 वं कलम पुराण्या नमुन्याच्या हत्याराला सूट देतं, पण दुरुस्ती करूनही जे चालणार नाही अशालाच. चालू शकणारी कार्बाइन त्या सवलतीत बसत नाही. पाहायच्या असतील तर मुलाकडे डब्लिनला गेलेल्यांनी कॉलिन्स बॅरॅक्समधलं राष्ट्रीय संग्रहालय गाठावं. तिकीट नाही. 'आसगार्ड' तिथे अख्खी उभी आहे, हाउथच्या माउझरही आहेत. 'क्लाइड व्हॅली'च्या नशिबी ते आलं नाही. 1968 मध्ये तिला लार्नला आणलं होतं, संग्रहालय करायच्या गोष्टी झाल्या, पैसा उभा राहिला नाही, आणि 1974 मध्ये ती भंगारात गेली. तिने आणलेल्या बंदुका मात्र अजून लिलावांत येतात, काही खऱ्या, काही नुसत्या ठसा मारलेल्या.